गुडघे, फ्लोराइड आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. जास्त फ्लोराइड असलेलं भूजल आणि गुडघ्याचा संधिवात यांच्या संबंधाबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुडघे वयानं आणि वजनानं झिजतात, फ्लोराइड तर टूथपेस्टमध्येही असतं, मग पाण्याकडे बोट दाखवून लोकांना घाबरवायचं कशाला?

टूथपेस्ट आपण थुंकून टाकतो, तिचा विषय इथेच संपवू. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. मी लेखात लिहिलं ते याच्या कितीतरी पुढे गेलेल्या आणि वर्षानुवर्षं प्यायल्या गेलेल्या भूजलाबद्दल. दातांसाठी अमेरिकेत नळाच्या पाण्यात ०.७ मिलिग्रॅम ठेवण्याची शिफारस आहे. त्यानं गुडघे जातात असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

आता गुडघा. शरीरात शोषलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढांमध्ये ढोबळमानानं निम्मं लघवीवाटे जातं, उरलेलं बहुतेक हाडांत मुरतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर जास्तच. हाड दाट होतं, पण मजबूत होतंच असं नाही. शिवाय अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, जिथे हाडाला जोडलेले असतात तिथे कॅल्शियम साचतं, सांधा आखडतो. तुम्ही म्हणता ती झीज कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची; ती वेगळी गोष्ट. रुग्णाला मात्र दोन्हींत तेच जाणवतं: उकिडवं बसता येत नाही, जिना नकोसा होतो.

आणि मुलांचं काय? फ्लोराइड जास्त आणि आहारात कॅल्शियम कमी, अशा भागांत वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासतात. दक्षिण भारतातून १९७०च्या दशकातच याच्या नोंदी झाल्या आहेत. ही मुलं ना म्हातारी, ना लठ्ठ. तुमचं ‘वय आणि वजन’ इथे कुठे बसवायचं?

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. चीनमधल्या फ्लोराइडग्रस्त भागांतल्या पाहण्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात आणि फ्लोराइड यांचा संबंध दिसला, पण एकदाच केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. म्हणूनच मूळ लेखात मी ‘संबंध’ म्हटलं होतं, ‘कारण’ नाही.

राहिला तुमच्या आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न. बोअरचं पाणी उकळून देता म्हणालात. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आधी पाणी तपासून घ्या. प्रमाण जास्त निघालं तर डॉक्टरांना तो अहवाल दाखवा आणि गुडघ्याबरोबर कोपर ते मनगट या भागाचाही एक्स-रे काढावा का, ते विचारा. तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात कॅल्शियम साचलेलं दिसलं, तर नुसत्या झिजेवर बोट ठेवून भागणार नाही.