‘तुमचा खासदार समितीत गप्प बसतो’: एका फॉरवर्डची झाडाझडती

"संसदीय समित्यांमध्ये कोणता खासदार काय बोलला याची शब्दन् शब्द नोंद सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. नाव टाका आणि शोधा. काही सापडलं नाही तर समजून जा, तुमचा खासदार तिथे गप्प बसून भत्ता खातो. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांत मिळते. बैठका संसद टीव्हीवर थेट दिसतात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असतात, म्हणून त्या दाबल्या जातात."

हा मजकूर सध्या फिरतोय. आमच्या मामांनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली आपल्या खासदाराच्या नावापुढे ‘शून्य’ असा शेराही मारला. मामा रोज दोन पेपर वाचणारा माणूस. त्यांनाही हे खरं वाटत असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘शब्दन् शब्द नोंद’. अशी नोंद होते, हे खरं. समितीसमोर साक्षीदार (म्हणजे माहिती द्यायला बोलावलेला अधिकारी किंवा तज्ज्ञ) आला की कामकाज शब्दशः टिपून ठेवायचं, असा लोकसभेचा नियमच आहे. पण ती खुली आहे हे साफ खोटं. नियम २६६ म्हणतो की समितीच्या बैठका खासगी असतील. नियम २७५ म्हणतो की साक्ष, अहवाल किंवा कामकाज यांचा जो भाग सभागृहाच्या पटलावर ठेवलेला, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे मांडलेला नाही, तो लोकसभा अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणालाही पाहता येणार नाही. यानंतर वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही. समितीला वाटलं तर ती साक्ष पूर्ण किंवा अंशतः पटलावर ठेवायला सांगू शकते; एरवी बाहेर येतो तो फक्त अहवाल.

मग अहवालात काय असतं? इथेच फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकही अहवाल उघडलेला नाही हे कळतं. विभागांशी संबंधित स्थायी समितीचा, म्हणजे ठरावीक मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या समितीचा, नेहमीचा अहवाल घ्या. सुरुवातीला सदस्यांची यादी, मग प्रस्तावना, मग विषयाची माहिती आणि मंत्रालयाची उत्तरं, त्यानंतर निरीक्षणं आणि शिफारशी, आणि शेवटच्या परिशिष्टांत बैठकांची इतिवृत्तं. इतिवृत्त दोन-तीन पानांचं. हजर सदस्यांची नावं, सचिवालयाचे अधिकारी, मंत्रालयातून आलेल्यांची नावं आणि पदं. पुढे मजकूर ठरावीक साच्याचा: समितीच्या सभापतींनी स्वागत केलं, सदस्यांनी अमुक विषयांवर प्रश्न विचारले, प्रतिनिधींनी उत्तरं दिली, राहिलेली उत्तरं लेखी द्यायला सांगितली, साक्षीदार निघून गेले, शब्दशः नोंद ठेवली आहे. संपलं. कुणी काय विचारलं, हे त्यात नसतं.

मुख्य मजकुरातही तेच. "समितीने विचारले असता मंत्रालयाने लेखी उत्तरात सांगितले की..." किंवा "साक्षीदरम्यान सचिवांनी सांगितले की...". म्हणजे उत्तर देणारा अधिकारी पदासह सापडतो, कधीकधी त्याचं म्हणणं अवतरणातही असतं. प्रश्न विचारणारा खासदार मात्र ‘समिती’ या नावाखाली विरघळलेला असतो. ३१ सदस्यांच्या समितीतल्या (२१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे) प्रत्येकाचं नाव टाकून बघा. फरक पडणार नाही. जो प्रत्येक बैठकीत सचिवांना घाम फोडतो त्याचंही ‘शून्य’ आणि जो चहा पिऊन परत जातो त्याचंही ‘शून्य’.

आणि म्हणूनच हा फॉरवर्ड नुसता चुकीचा नाही, तो अपाय करणारा आहे. लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांपैकी ५५ वा निर्देश समितीचं कामकाज गोपनीय ठरवतो. अहवाल सादर होण्याआधी त्यातली कोणतीही माहिती वर्तमानपत्रांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष देणं सदस्याला मना आहे. दिली तर हक्कभंगाचं प्रकरण होऊ शकतं. म्हणजे ज्याच्यावर ‘गप्प बसला’ असा आरोप होतोय, तो "अहो, परवाच्या बैठकीत तो प्रश्न मीच विचारला" असं जाहीरपणे सांगायला गेला तर नियम मोडतो. ज्याला बचावच करता येत नाही त्याच्यावर चिखल फेकायचा, आणि तोही रिकाम्या शोधनिकालाच्या जोरावर! बरं, नियम पाळणाराच यात भरडला जातो. ज्याला नियमाचं सोयरसुतक नाही तो ‘सूत्रांच्या हवाल्याने’ आपली बाजू पेपरात पोहोचवतोच. समितीतल्या खडाजंगीच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच आतून सुटलेल्या असतात. त्या वाचताना कुणाच्या फायद्याची बाजू छापून आली आहे, तेवढं बघावं.

रिकाम्या निकालाची आणखी कारणं आहेत आणि ती निव्वळ तांत्रिक आहेत. २४ स्थायी समित्यांपैकी १६ लोकसभेच्या सचिवालयाकडे आहेत आणि ८ राज्यसभेच्या. गृह, आरोग्य, शिक्षण, उद्योग, वाणिज्य या समित्या राज्यसभेकडे. त्यात लोकसभेचे खासदार असले तरी अहवाल राज्यसभेच्या विभागात शोधावे लागतात. लोकसभेकडच्या समित्यांचे अहवाल-क्रमांक प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर पुन्हा एकपासून सुरू होतात, राज्यसभेकडच्यांचे सलग पुढे जातात. त्यामुळे नुसता ‘१२ वा अहवाल’ म्हणून काही हाती लागत नाही; कितवी लोकसभा तेही सांगावं लागतं. समितीची मुदत एक वर्षाची असते. तुमचा खासदार यंदा रेल्वे समितीवर असेल आणि तुम्ही तीन वर्षांपूर्वीचे अहवाल चाळत असाल तर तो सापडणार कसा? मंत्री झाला असेल तर तो या समित्यांवर असूच शकत नाही. मंत्रालयांची नावंही बदलतात. शिक्षण समितीचे २०२० पूर्वीचे अहवाल ‘मनुष्यबळ विकास’ या नावाने पाहावे लागतात. जुने अहवाल स्कॅन केलेले असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही किंवा अर्धेच सापडतात. हिंदी प्रती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण शोधयंत्राला नुसता कचरा दिसतो. नावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच: एकीकडे वडिलांच्या नावासकट, दुसरीकडे नुसतं आडनाव.

आता अर्धसत्य, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. सभागृहातली भाषणं आणि प्रश्न खासदाराच्या नावाने शोधता येतात, संसदेच्या संकेतस्थळावर आणि जुने वादविवाद संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सभागृह आणि समिती यांची खिचडी केली असावी. समितीच्या बैठकीला हजर राहिल्याचा दैनिक भत्ता मिळतो हेही खरं. १ एप्रिल २०२३ पासून तो २,५०० रुपये आहे. आणि हजेरी तपासता येते. त्यासाठी समितीचं पान उघडा, त्या वर्षीचा अहवाल घ्या, शेवटच्या परिशिष्टात जा, प्रत्येक बैठकीच्या यादीत नाव आहे का ते हाताने मोजा. यादीत आधी सभापती, मग लोकसभेचे सदस्य, मग राज्यसभेचे. फक्त एवढं ध्यानात ठेवा की अहवालाला त्या अहवालापुरत्याच बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात. ज्या विषयाचा अहवाल अजून आलेला नाही, त्याच्या बैठका या मोजणीत येत नाहीत. म्हणून एका अहवालावरून ‘दांडीबहाद्दर’ ठरवू नका. हजर होता याचा अर्थ बोलला असाही नाही.

खासदाराचे स्वतःचे शब्द समितीच्या कागदांत सापडतात अशी एक चांगली जागा आहे: भिन्नमतपत्रिका. समितीच्या निष्कर्षाशी न पटणारा सदस्य ती आपल्या नावाने देतो आणि ती अहवालाला जोडली जाते. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयक, २०१९ वरच्या संयुक्त (दोन्ही सभागृहांच्या) समितीचा डिसेंबर २०२१ चा अहवाल उघडा; जयराम रमेश, मनीष तिवारी, गौरव गोगोई यांनी कोणत्या कलमांवर आक्षेप घेतला ते त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळेल. नावाने शोधायचं असेल तर इथे शोधा. दुसरी जागा म्हणजे विधेयकांवरच्या जुन्या संयुक्त समित्या; त्यांपैकी काहींच्या साक्षी छापून पटलावर ठेवल्या गेल्या आणि त्यांत प्रश्नकर्त्याचं नाव असतं. आजच्या खासदाराच्या हिशेबासाठी मात्र त्यांचा उपयोग नाही.

माहिती अधिकाराचं म्हणाल तर १० रुपये बरोबर, बाकी चूक. कायद्याच्या कलम ८(१)(ग) नुसार जी माहिती दिल्याने संसदेचा किंवा विधिमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल ती नाकारता येते. "२० वर्षं झाली की सगळं खुलं होतं" असं कुणी सांगेल. तर कलम ८(३) मध्ये वीस वर्षांच्या सवलतीतून ज्या तीन बाबी वगळल्या आहेत त्यांत ही एक आहे. पटलावर न आलेली शब्दशः नोंद मागितलीत तर नकाराचं पत्र येईल. आणि पटलावर आलेल्या अहवालासाठी अर्ज कशाला? तो फुकट उतरवून घेता येतो.

संसद टीव्हीवर सभागृहाचं कामकाज दिसतं, समितीच्या बैठका नाहीत. ब्रिटनच्या संसदेत समित्यांपुढच्या साक्षी कॅमेऱ्यासमोर होतात आणि त्यांची नोंद प्रश्नकर्त्याच्या नावासह प्रसिद्ध होते. तिथली एखादी क्लिप पाहून हे वाक्य सुचलं असेल तर नवल नाही. आपल्याकडेही तसं व्हावं, ही मागणी रास्त आहे. पण मागणी करणं वेगळं आणि ते झालंच आहे असं ठोकून देणं वेगळं.

राहिला ‘बंधनकारक शिफारशी’चा मुद्दा. स्थायी समितीचा अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला, असं नियमच म्हणतात. सरकार तो नाकारू शकतं, पण उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर समिती पुढे कृती अहवाल (शिफारशींचं पुढे काय झालं ते सांगणारा) काढते. त्याचा क्रमांक मूळ अहवालाहून वेगळा असतो, म्हणून क्रमांकाने न शोधता विषयाने शोधा. त्यात पाच प्रकरणं असतात: पहिल्यात समितीचं भाष्य, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीने न स्वीकारलेल्या, पाचव्यात अंतिम उत्तर यायचं आहे अशा. शिफारस दाबली गेली असा संशय असेल तर मामांनी शेरे मारण्याआधी चौथं आणि पाचवं प्रकरण उघडावं.