व्हिंटेज पोर्टमधला साका, टॉनीचा रंग: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्या पणजीच्या दुकानातून तुम्ही पोर्ट या गोड, कडक पोर्तुगीज वाइनच्या दोन बाटल्या नेल्या होत्या: एक व्हिंटेज आणि एक 20 वर्षांची टॉनी. व्हिंटेजमध्ये काळा गाळ निघाला, दोन आठवड्यांत ती आंबट झाली, टॉनीचा रंग उडालेला होता आणि दोन्हींत ‘वरून दारू मिसळलेली’ आहे, असं तुम्ही लिहिलंय. एवढे पैसे मोजल्यावर चीड येणारच. व्हिंटेज कशी उघडायची हे बाटली देतानाच सांगायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल माफ करा.

दारू मिसळतात हे खरं, पण ती भेसळ नव्हे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात रस दोन-तीन दिवस आंबला आणि साधारण निम्मी साखर शिल्लक राहिली की त्यात द्राक्षाचंच 77 टक्क्यांचं स्पिरिट ओततात. जुना हिशेब 440 लिटरला 110 लिटर, म्हणजे 550 लिटरचं एक पिंप. त्याने यीस्ट मरतं, गोडी टिकते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर येतं. ओतायला उशीर झाला तर गोडी जाते. घाई केली तर सालीचा रंग पुरता उतरत नाही.

आता गाळ. व्हिंटेज पिंपात दोनेक वर्षंच राहते, मग न गाळता बाटलीत भरतात आणि पुढे कित्येक वर्षं ती तिथेच मुरते. रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश) एकत्र येऊन तळाशी बसतात, तो हा साका. कडू लागतो, पण अपाय करत नाही. टॉनी मात्र वर्षानुवर्षं लाकडी पिंपात असते. लाकडातून हवा लागत राहते, म्हणून लाल रंग विटकरी होतो आणि अक्रोड, सुक्या अंजिराची चव येते. तो रंग उडालेला नाही, मुरलेला आहे.

टिकण्याचंही गणित हवेचंच. टॉनीला हवेची सवय झालेली असते. बूच लावून फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते. व्हिंटेजला ती सवय नाही, दोन-तीन दिवसांत संपवावी. दोन आठवडे कुठलीच व्हिंटेज टिकणार नाही.

पुढच्या वेळी व्हिंटेजची बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. जुनं बूच भुगा होतं, स्क्रू सावकाश फिरवा. बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून एका धारेत जगमध्ये ओता, मध्ये बाटली सरळ करू नका, नाहीतर साका पुन्हा ढवळतो. काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. उरलेली अर्धी वाटी मलमलच्या फडक्यातून गाळा. फडक्याला साबणाचा वास नको.

एक मात्र कळवा: उघडल्या दिवशीच ती आंबट होती का, किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता का? तसं असेल तर बाटलीच खराब होती. बिल घेऊन या, बदलून देतो.