थर्मोस्टॅट काढल्याने जुनी जीप गार राहत नाही

जुन्या जीपवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो व्हॉट्सअॅपवर आयता येतो: "गाडी घाटात हीट होते? थर्मोस्टॅट काढून फेका. तो थंड देशांसाठी असतो. काढला की काटा लगेच खाली येतो, स्वतः बघा. कूलंटवर पैसे घालवू नका, साधं पाणीच बरं. तरी तापली तर इंजिन बंद करून रेडिएटरमध्ये गार पाणी ओता." एमएम ५४०, मेजर, जुनी जिप्सी अशा गाड्या ज्यांनी आजवर जिवापाड जपल्यात, त्यांनी हे ऐकलं तर हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) वाकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

थंड देशांचं आधी. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. बाहेर मनालीचे ५ अंश असोत की चंद्रपूरचे ४५, इंजिनातलं पाणी ८०-९० अंशांच्या आसपास राहावं याच हिशेबाने पिस्टन, रिंगा आणि ऑइल ठरवलेलं असतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यातही सकाळी सुरू केलेलं इंजिन त्या तापमानाच्या निम्म्याच्याही खाली असतं. थर्मोस्टॅट नसेल तर ते तिथवर पोचायला फार वेळ घेतं, आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवली तर पोचतही नाही. डिझेल अर्धवट जळतं, धूर वाढतो, ज्वलनातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये उतरून त्याचा गाळ होतो, सिलिंडर लवकर झिजतात. हे नुकसान तापमानाच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून कुणी त्याचा हिशेब धरत नाही.

आता "काटा लगेच खाली येतो" हा मुद्दा. खरा घोळ इथेच आहे, कारण काटा खरंच खाली येतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो (काही गाड्यांत ८८) आणि आणखी दहा-पंधरा अंश चढेपर्यंत पूर्ण उघडतो. म्हणजे पाणी अमुक अंशांच्या खाली जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. ते वर किती जाईल हे रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप ठरवतात. ताम्हिणीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढत असते, तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. तो काढून तुम्ही तिथे फारसं काहीच मिळवत नाही. सपाटीवर काटा ६०-६५ वर येतो, मालकाला वाटतं रोग गेला, आणि पुढच्या चढावर तीच गाडी पुन्हा उकळते.

काही इंजिनांत तर उलटच होतं. थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असेल, तर मुख्य झडप उघडताना ती चकती बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच परत नेणाऱ्या वाटेचं) भोक बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते.

थर्मोस्टॅटच्या बाजूने बोलणारेही एक चुकीचं कारण देतात: "तो नसला की पाणी इतकं जोरात फिरतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही." हे सोडून द्यावं. प्रवाह वाढला की रेडिएटरमधून बाहेर पडणारी एकूण उष्णता वाढते, कमी होत नाही. आपली बाजू मजबूत आहे, तिला खोट्या टेकूची गरज नाही.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकू शकतो, हे मात्र मान्य. संशय असेल तर घरीच तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्या अंगावर कोरलेला आकडा आला की झडपेच्या कडेला फट दिसू लागते आणि बघता बघता ती काही मिलिमीटर उचलली जाते. पाणी उकळू लागलं तरी जागची हलली नाही, तर नवा टाका. जंगलात अडकलात आणि थर्मोस्टॅट बंदच राहिलाय अशी खात्री असेल, तर घरी पोचण्यापुरता काढणं समजण्यासारखं आहे. दोन चकत्यांचा असेल तर बायपास बुजवून, एवढंच.

मग गाडी तापते कशाने? कधी तापते ते आधी पाहा. ट्रॅफिकमध्ये किंवा लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या सावकाश, ताकदीच्या गिअरमध्ये) दगडांवरून सावकाश जाताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवळत असेल, तर हवा कमी पडतेय: पंख्याचा पट्टा घसरतोय, पंखा फिरवणारा व्हिस्कस क्लच सैल झालाय, किंवा पंख्याभोवतीचं श्राउड (हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून असलेलं वेष्टन) कुणीतरी काढून ठेवलंय. हायवेवर आणि लांब चढावर तापत असेल, तर पाण्याचा मार्ग तपासा. रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला, तर त्या नळ्या क्षाराने बुजल्यात. इंजिनचा वेग वाढवल्यावर खालचा होजपाइप चपटा होत असेल, तर त्यातली स्प्रिंग गेलीय. सुरू केल्यावर पाचच मिनिटांत पाइप दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय. चिखलातून आलेल्या गाडीची जाळी पंख्याच्या बाजूने पुढे अशी धुवा. पुढून फवारा मारला की चिखल आणखी आत बसतो.

आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. इंधनाचा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी वेडेवाकडे दाखवू लागले, तर मीटरच्या रेग्युलेटरवर किंवा अर्थिंगवर आधी संशय घ्या. वर गेलेला काटा चढावरच अचानक कोसळला, तर गाडी गार झाली असं समजू नका. पाणी संपून सेन्सर उघडा पडलेला असू शकतो. तिथेच थांबा.

साध्या पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. शुद्ध पाणी उष्णता कूलंटपेक्षा (रसायन मिसळलेल्या पाण्यापेक्षा) जास्त वाहून नेतं. पण बोअरचं पाणी नळ्यांत क्षार धरतं, बिडाच्या ब्लॉकला गंज चढतो, आणि तोच गाळ होऊन रेडिएटर बुजवतो. उत्कलनबिंदूही पाहा. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यात पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. रेडिएटरला ०.९ बार दाब धरणारी धडधाकट कॅप असेल तर पायथ्याशी तेच पाणी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलेली कॅप हा फरकच घालवते. बदलायला ती सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे लक्ष जातं.

गार पाण्याचा सल्ला सर्वांत घातक. तापलेली कॅप उघडली की दाबाखालचं पाणी तत्काळ वाफ होऊन तोंडावर येतं, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं. पाणी शिल्लक असेल तर गाडी न्यूट्रलला आणा, बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या. पट्ट्यावरचा पंखा आणि पंप फिरत राहतात. पाणी सांडून गेलं असेल, तरच इंजिन लगेच बंद. कॅपला उघडा हात सहज टेकवता येईपर्यंत ती उघडू नका. नंतर जाड फडक्याने हळूहळू उघडा, इंजिन सुरू करून पाणी थोडं थोडं घाला.

थर्मोस्टॅट आधीच काढून ठेवला असेल तर परत बसवा. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, छोटं हवेचं भोक असेल तर ते वर, गॅस्केट नवं. कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू करा. वरचा पाइप गरम झाला की पातळी खाली जाईल, तेवढं भरा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. पहिल्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, अडकलेली हवा बहुधा तेव्हाच निघते.