पाणउतारा, इंग्रजीतून

मराठीत माणसाला खाली आणायला फार साहित्य लागत नाही. एक सणसणीत पाणउतारा केला की भागतं. पाणी म्हणजे तेज, मोत्याचं असतं तसं. ते उतरलं, संपलं. पण असा पाणउतारा झाल्याची तक्रार दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकायची म्हटली की अंगठा मोबाइलवर नुसता लटकतो. हंबल, ह्युमिलिएट, डिमीन, डिग्रेड, डिबेस: सगळे उतरतात खालीच, पण प्रत्येकाचं स्टेशन वेगळं.

जास्तीत जास्त अपघात पहिल्या दोघांत. दोघंही लॅटिन 'ह्युमस'चे, म्हणजे जमिनीचे वारसदार. हंबल माणूस आपण होऊन जमिनीवर बसतो. ह्युमिलिएट झालेल्याला चारचौघांत बसवलेलं असतं. नवे चेअरमन सत्काराला उत्तर देताना 'आय ॲम ह्युमिलिएटेड' म्हणाले, तर सभेला वाटणार की शालीबरोबरचा नारळ त्यांनी भलत्याच अर्थाने घेतला. 'हंबल्ड' म्हणावं. त्यातही मला थोडी मिरवणूकच दिसते, पण निदान अर्थ शाबूत राहतो.

डिमीन म्हणजे कमीपणा आणणं. दुसऱ्याची स्कूटर हलवणं ज्यांना कमीपणाचं वाटतं, त्यांचा हा शब्द. त्याची 'डिमीनर'शी सोयरीक लावू नये. ती निव्वळ वागणूक. डिग्रेडमध्ये 'ग्रॅडस', म्हणजे पायरी आहे: पूर्वी हुद्द्यावरून उतरवायचे, आता मोबाइलची बॅटरीही डिग्रेड होते. बिचारी रुसत नाही, एवढंच.

डिबेस मात्र झवेरी बाजारात बसून समजून घ्यावा. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांतले 22 सोनं, उरलेले 2 हीण. हीण वाढवत नेलं की माल हिणकस. तेच डिबेस करणं. म्हणून तो शब्द चलनाला, भाषेला, दर्जाला लावतात. वॉचमनवर ओरडलात तर त्याला डिबेस केलं असं सहसा म्हणत नाहीत, ह्युमिलिएट केलं म्हणतात. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1544 पासून नाण्यांतली चांदी कमी करत करत तिसऱ्या हिश्शावर आणली. बाकी तांबं, वरून चांदीचा मुलामा. नाण्यावर राजा समोरून बघणारा, त्यामुळे हातोहात फिरताना आधी झिजलं ते पुढे आलेलं नाक. तांबं उघडं पडलं आणि लोकांनी नाव ठेवलं 'ओल्ड कॉपरनोज'. अब्रू नाकातच असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

राहता राहिला 'हंबल पाय'. हा पाय चालायचा नव्हे, खायचा: पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ. चूक कबूल करून मान खाली घालणं म्हणजे तो खाणं. हा हंबल मुळात जमिनीचा नव्हेच. 'अंबल्स' म्हणजे हरणाचं काळीज, आतडी वगैरे. त्यांचा पाय करत, आणि पुढे उच्चारांच्या सारखेपणावर कोटी झाली. थोडक्यात, वजडी. आता लालबागच्या माणसाला शिक्षा म्हणून वजडी वाढलीत, तर तो आधी भाकरी मागेल आणि मग आणखी दोन चुका कबूल करील.