पीएचडी घरबसल्या मिळत नाही: एक खुलासा

‘यूजीसीने पेपर छापायची अट काढली, आता पीएचडी ऑनलाइन, घरबसल्या, दोन वर्षांत’ असा मेसेज सध्या नागपुरातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला पहिला तुकडा खरा आहे. बाकीचं साफ खोटं.

७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेल्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पीएचडी नियमावलीत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरली नाही. मुदत मात्र कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं. प्रबंध किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, मग तोंडी परीक्षा. अर्धवेळ पीएचडी करता येते, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन नाही. एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या साथीने विकतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्येच बजावलंय.

आणि घरी बसून होणार तरी काय? नाग नदीच्या पाण्यावर काम करायचं तर नमुना बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायचा, बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्या चाचणीच्या) बाटल्या २७ अंशांवर ३ दिवस ठेवायच्या, मग मोजायचं. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला, की पुन्हा नदीवर. स्थापत्यवाल्यांचे काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस पाण्यात राहतात. वैद्यकीय संशोधनात तर रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी.

कुणी प्रवेशासाठी पैसे मागत असेल, तर आधी त्या विद्यापीठाच्या पीएचडी विभागात स्वतः जाऊन विचारा. मेसेज पुढे पाठवू नका.