खुलासा: नाशिकजवळच्या ‘कॅसिनो भरती’चा मेसेज खोटा आहे

सिडको-सातपूरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘नाशिकजवळ कॅसिनो येतोय, सीसीटीव्ही कंट्रोल रूमसाठी मुलं हवीत, आधी नोंदणी फी भरा.’ हे खोटं आहे. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगीच नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दही केला.

कायदेशीर कॅसिनो गोव्यात आहेत, तिथे हे काम खरंच असतं आणि जबाबदारीचं असतं. टेबल सोडताना डीलर, म्हणजे जुगाराच्या टेबलावर खेळ चालवणारा कर्मचारी, दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवतो. हातात चिप (पैशांऐवजी वापरतात ते टोकन) राहिली नाही ना, हे कंट्रोल रूममधला माणूस बघतो. म्हणूनच मुलांना मेसेज खरा वाटतो.

पोरांच्या कष्टाचे पैसे आहेत हो. कृपा करून फॉरवर्ड थांबवा. कुणी फी भरली असेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.