रणगाडा म्हणजे घसरगुंडी नव्हे

पुण्याहून शिर्डीला जाताना वाट थोडी वाकडी करून अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात थांबण्याची आमची ही तिसरी वेळ होती, आणि तिन्ही वेळा एकाच गोष्टीने माझा संताप झाला. चार-पाच वर्षांच्या मुलांना उचलून थेट तोफेच्या नळीवर बसवायचे, "कर ठो ठो!" असे ओरडायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या रणगाड्याकडे धावायचे, एवढेच अनेक पालकांना सुचते. कोणता रणगाडा कुठला, हे वाचण्यासाठी कोणी अर्धा मिनिटही थांबत नाही.

तिथे १९६५च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा उभा आहे. त्याच युद्धात, खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत, जीपवर बसवलेल्या तोफेने असे पॅटन उडवताना अब्दुल हमीद यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एवढी गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला नक्की समजते, फक्त कोणीतरी गुडघ्यावर बसून ती सांगायला हवी.

माझ्या मुलीने त्या पॅटनकडे पाहून विचारले, "बाबा, यात बसलेली माणसे घरी गेली का?" मी उत्तर जुळवत असतानाच शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, लहान आहे ती, कशाला डोक्याला ताप? बसवा वर, फोटो काढा." प्रश्न मुलीने विचारला होता, आणि त्याचे उत्तर मिळण्याचा तिला पूर्ण हक्क होता!